हृदयरोग आणि नित्यनियम

(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यान)



सुवर्णमहोत्सव म्हणजे पन्नास वर्षांचा हिशेब. संस्थेच्या जमाखर्चाचा हिशेब अहवालात छापला जातो. ज्यांनी ती खांद्यावर वाहिली त्यांच्या प्रकृतीचा हिशेब मात्र कुठेच मांडला जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी ऐन पंचविशीत असलेले कार्यकर्ते आज पंच्याहत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या सदऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची छोटी गोळी असते. कुणाची अँजिओप्लास्टी झालेली असते, कुणाचे बायपास, तर कुणाला नुसतेच “जपून राहा” असे सांगितलेले असते. हृदयरोग जडल्यानंतरचे आयुष्य चांगले कसे जगावे, हा म्हणूनच या सभागृहातील जवळजवळ प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

रोगाचे निदान झाले की दोन प्रश्न उभे राहतात. किती जगणार आणि कसे जगणार? पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने गेल्या अर्धशतकात पुष्कळच आशादायक केले आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा फुग्याच्या साहाय्याने रुंदावण्याचा पहिला प्रयोग एका जागृत रुग्णावर केला. तो रुग्ण अवघा अडतीस वर्षांचा होता. त्यानंतर तो कित्येक दशके जगला. तेव्हा जो चमत्कार वाटला, तो उपचार आज पुण्यातील अनेक रुग्णालयांत नित्याचा झाला आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र रुग्णालयात मिळत नाही. ते घरच्या स्वयंपाकघरात, फिरण्याच्या वाटेवर, औषधाच्या डबीत आणि मनात शोधावे लागते.

शाकाहार म्हणजे अभय नव्हे

आपल्या समाजात एक गैरसमज खोलवर रुजला आहे. “आम्ही शुद्ध शाकाहारी, व्यसन नाही, अंगाने सडपातळ, आम्हाला हृदयरोग कसा होईल?” असे सहज बोलले जाते. या प्रश्नाचे उत्तर याच शहरात, रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात झालेल्या संशोधनातून मिळाले. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे प्रमाण, अगदी एकच होते : २२.३. शरीरातील चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर समसमान असलेल्या दोन देहांत चरबी दुपटीहून अधिक फरकाने साठलेली होती. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही आतून स्थूल असू शकतो, ही गोष्ट त्या एका छायाचित्राने जगाला पटवून दिली. ही छुपी चरबी बहुधा पोटाभोवती साठते आणि मधुमेह व हृदयरोग या दोघांनाही आमंत्रण देते. मार्केट यार्डातील आडतीवर किंवा लक्ष्मी रोडवरील पेढीवर दिवसभर गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याने वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा, तो यासाठीच.

याच संशोधकांच्या गटाने २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले आणि शाकाहारींमध्ये त्याची उणीव अधिक होती. ब-१२ची गोळी घेतल्याने हृदयविकाराचा झटका टळतो असे मात्र सिद्ध झालेले नाही. पण रक्त आणि मज्जातंतू यांसाठी ते आवश्यक आहे. पायांना मुंग्या येणे आणि थकवा ही त्याच्या उणिवेची लक्षणे हृदयाच्या खात्यावर टाकली जातात आणि रुग्ण उगाच धास्तावतो. तेव्हा शाकाहारी हृदयरोग्याने ही एक रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी.

शाकाहार ही मोठी पुण्याई आहे आणि आरोग्याच्या दृष्टीनेही तो भक्कम पाया आहे. पण बाटीवर ओतलेले तूप, रोजचे फरसाण, जेवणागणिक पापड आणि लोणचे, प्रत्येक प्रसंगाची मिठाई हेही शाकाहारीच पदार्थ आहेत. पायावर काय उभारले, याचाही विचार करावा लागतो.

गडचिरोलीचा धडा

हृदयरोग झाल्यावर आयुष्य कसे घडवता येते, याचे महाराष्ट्राला सर्वाधिक परिचित असलेले उदाहरण डॉ. अभय बंग यांचे आहे. सेवाग्रामच्या गांधीविचारांच्या वातावरणात वाढलेले, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले आणि पत्नी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभारणारे हे डॉक्टर. त्या जिल्ह्यातील दारूबंदीच्या चळवळीत ते अग्रभागी होते आणि १९९३ मध्ये तेथे दारूबंदी लागू झाली. अशा संयमी माणसाला १९९५ मध्ये, पंचेचाळिशीच्या सुमारास हृदयविकाराने गाठले. दुसऱ्यांना आरोग्य शिकवणारा वैद्यच रुग्ण झाला.

पुढे त्यांनी लिहिलेले ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले आणि मराठी घराघरांत ते वाचले गेले. त्या शीर्षकातील ‘साक्षात्कारी’ हे विशेषण मननीय आहे. रोगाला नुसता शत्रू न मानता त्यांनी त्याच्याकडून स्वतःच्या जगण्याची परीक्षा करून घेतली. आहार, व्यायाम, योग, ध्यान आणि नातेसंबंध या सर्वांची त्यांनी फेरमांडणी केली. अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या पद्धतीचा त्यांना मोठा आधार मिळाला. ऑर्निश यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अतिशय कमी स्निग्धांशाचा शाकाहार, व्यायाम, धूम्रपानत्याग आणि मनःशांतीचा अभ्यास करणाऱ्या रुग्णांपैकी ८२ टक्के रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतील अडथळे वर्षभरात थोडे का होईना, कमी होण्याच्या दिशेने गेलेले दिसले. हा प्रयोग लहान होता. त्या गटात तीस रुग्णसुद्धा नव्हते. त्यामुळे त्यावरून कुणी औषधे सोडावीत असा अर्थ निघत नाही. नियमित जीवन औषधाच्या जोडीला उभे राहू शकते, एवढा दिलासा त्यातून मिळतो.

खरा बोध पुढेच आहे. झटक्यानंतर चार वर्षांनी, १९९९ मध्ये, नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याविषयीचे बंग दांपत्याचे व त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या खेड्यांत हा प्रयोग झाला, तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण इतर खेड्यांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली, तिचे मूळ या कामात आहे. २००३ मध्ये या दांपत्याला महाराष्ट्र भूषण पुरस्कार मिळाला, २००६ पासून तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम सुरू झाला आणि २०१८ मध्ये पद्मश्री सन्मान मिळाला. हे सर्व हृदयरोगानंतरचे आयुष्य आहे. निदानाच्या दिवशी “आता माझे संपले” असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ही सनावळी एकदा डोळ्यांखालून घालावी.

औषध हे पहिले व्रत

आपल्या समाजाला व्रताचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. नवकारसी, चौविहार, सामायिक, एकासणे, आयंबिल असे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले जातात. नियम घेणे आणि तो निभावणे ही कला ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना हृदयरोगासह जगणे इतरांपेक्षा सोपे जावयास हवे. अट एकच : औषध वेळेवर घेणे हा त्यांतील पहिला नियम मानला पाहिजे.

स्टेंट बसवल्यानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सामान्यतः दोन गोळ्या दिल्या जातात. अॅस्पिरिन बहुधा दीर्घकाळ चालते आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखी दुसरी गोळी सहा महिने, वर्षभर किंवा डॉक्टर सांगतील तोवर. बरे वाटते म्हणून, दात काढायचा आहे म्हणून किंवा उपवास आहे म्हणून ती परस्पर बंद केल्यास स्टेंटमध्ये अकस्मात गुठळी होऊ शकते आणि ती प्राणघातक ठरू शकते. कोलेस्टेरॉलच्या गोळीचेही तसेच. “रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?” असे विचारले जाते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे, हे विसरले जाते. हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या एकाएकी थांबवल्यास छातीतील दुखणे पुन्हा उफाळू शकते.

आता चौविहाराचा प्रश्न पाहू. पुण्यात जानेवारीच्या मध्यास सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो आणि सूर्योदय सातनंतर. त्यात नवकारसीची अठ्ठेचाळीस मिनिटे मिळवली, की मुखात पाणीही न घेण्याचा काळ साडेतेरा तासांहून अधिक होतो. दिवसातून एकदा घ्यावयाच्या बहुतेक गोळ्या दिवसा बसवता येतात. अटोरव्हास्टॅटिन तर दिवसाच्या कोणत्याही ठरावीक वेळी चालते. बारा-बारा तासांनी घ्यावयाच्या गोळ्यांची मात्र अडचण होते. अशा वेळी रात्रीची गोळी गुपचूप गाळणे हा सर्वांत वाईट मार्ग. डॉक्टरांना नियमाची स्पष्ट कल्पना द्यावी. पुष्कळदा दिवसातून एकदाच घेता येईल असा पर्याय त्यांना सुचवता येतो.

चातुर्मासात आणखी एक सूक्ष्म धोका असतो. कृत्रिम झडप बसवलेले किंवा हृदयाची लय बिघडलेले काही रुग्ण वॉर्फरिन किंवा अॅसेनोकौमॅरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे घेतात. हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. आठ महिने पालेभाजी खाणाऱ्याने चातुर्मास लागताच ती एकदम वर्ज्य केली, तर तेवढ्याच गोळीने रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. चातुर्मास संपून भाज्या सुरू झाल्या की उलट घडते. भाज्या सोडू नयेत असे येथे सांगावयाचे नाही. सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे आणि आय.एन.आर. ही रक्ततपासणी लवकर करून मात्रा जुळवून घ्यावी.

उपवास, अठ्ठाई आणि वर्षीतप यांबाबत अधिक सावधानता हवी. नुकताच झटका आलेला किंवा स्टेंट बसलेला रुग्ण, हृदय अशक्त झाल्याने लघवीवाटे पाणी काढणारी गोळी घेणारा रुग्ण, इन्सुलिनवर किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेला मधुमेही, या सर्वांना दीर्घ उपवास धोक्याचा ठरू शकतो. मधुमेहासाठी आणि आता अशक्त हृदयासाठीही दिल्या जाणाऱ्या, नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गोळ्या उपाशीपोटी चालू ठेवल्यास रक्तात आम्ल साठण्याची भीती असते. म्हणून पर्युषणाच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. पर्युषणाच्या आदल्या रात्री धावपळ करू नये.

शास्त्रकारांनी देहाची ही मर्यादा ओळखली होती. पच्चक्खाणांत आगार, म्हणजे सवलती, ठेवलेल्या आहेत आणि प्रकृती बिघडून समाधी ढळू लागल्यास औषध घेण्याची मुभा देणारा आगारही त्यांत आहे. रात्री छातीत कळ आली असता “चौविहार मोडेल” म्हणून जिभेखाली गोळी न ठेवणे, हे व्रताचे पालन म्हणता येणार नाही. शंका असल्यास गुरुमहाराजांना आधीच विचारून घ्यावे. अन्नाचा त्याग ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी रसत्याग, ऊणोदरी, स्वाध्याय, मौन, क्षमापना असे तपाचे अनेक प्रकार खुले आहेत. ऊणोदरी, म्हणजे दोन घास कमी खाणे, हे तर हृदयासाठीच सांगितले असावे असे वाटते.

ताट, वाट आणि मन

ताटाविषयी थोडक्यात सांगता येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी, असावे. त्यात पापड, लोणचे, खाखरा, फरसाण यांतील मीठही मोजावे. तेल-तूप मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे महिन्याच्या आरंभी माणशी अर्ध्या किलोच्या आसपास तेल-तूप काढून ठेवणे आणि त्यातच महिना भागवणे. मूग, मटकी, तूर, चणा, ज्वारी, बाजरी, फळे आणि मूठभर बदाम-अक्रोड यांनी कंदमुळांविना ताटही समृद्ध होते. आयंबिलाचे बिनतेला-तुपाचे अन्न हृदयाला मानवते. पारण्याच्या दिवशीच्या तुपाळ मिठाईने ती कमाई घालवू नये. हृदय अशक्त असलेल्या रुग्णाने रोज सकाळी वजन करावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले, तर ते बहुधा अंगात साठलेले पाणी असते आणि डॉक्टरांना तत्काळ कळवावे लागते.

वाटेविषयी सांगायचे, तर पुणेकर भाग्यवान आहेत. सारसबाग, तळजाई, पर्वतीचा पायथा अशी फिरण्याची ठिकाणे हाताशी आहेत. डॉक्टरांच्या परवानगीने आठवड्यातील पाच दिवस रोज तीस मिनिटे चालावे. चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही, अशी गती योग्य समजावी. जेवल्याबरोबर आणि हिवाळ्यातील कडाक्याच्या पहाटे फिरणे टाळावे. पर्वतीच्या शंभराहून अधिक पायऱ्या ही पहिल्या महिन्याची परीक्षा नव्हे. पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या घरातील पायऱ्या किंवा शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची यात्रा करण्याची आस असल्यास आधी हृदयाची क्षमता तपासून घ्यावी, महिनोन्‌महिने सराव करावा आणि गरज पडल्यास डोलीत बसण्यात कमीपणा मानू नये. भाव पायऱ्यांवर मोजला जात नाही.

मनाचा विचार शेवटी केला, तरी त्याचे स्थान शेवटचे नाही. झटक्यानंतर कित्येकांना भीती आणि उदासीनता ग्रासते. झोप लागत नाही, प्रत्येक ठोका ऐकू येतो. घरचे लोक प्रेमापोटी सर्व कामे काढून घेतात आणि कर्ता पुरुष किंवा घर चालवणारी गृहिणी एकाएकी निरुपयोगी ठरते. प्रेमाचा असा पिंजराही हृदयाला मानवत नाही. भारतातील २४ केंद्रांमधील ३,९५९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘योग-केअर’ अभ्यासात योगाधारित पुनर्वसनाने पुढचे झटके किंवा मृत्यू निश्चितपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण योग करणाऱ्यांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटली आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. आपल्या घरांत रोजच्या सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे आणि कायोत्सर्गाची स्थिरता आधीपासूनच आहे. खाली बसवत नसेल तर खुर्चीवर बसावे, पण तो वेळ खंडित होऊ देऊ नये. उदासीनता महिनाभर टिकली, तर तीही डॉक्टरांना सांगावी. ती दुर्बलता नाही, आजाराचाच एक भाग आहे.

संकटाची घटका

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम, धाप यांपैकी काही जाणवले, तर “गॅस झाला असेल” म्हणून ओवा-सोड्यावर वेळ घालवू नये. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत न दुखताही केवळ धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा असू शकतो. रुग्णाला बसवावे, सांगून ठेवलेली गोळी जिभेखाली द्यावी आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. माणूस कोसळला आणि श्वास थांबला, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. मदत येईपर्यंतचा काळ या दोन हातांवर अवलंबून असतो.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन छोटे संकल्प करता येतील. प्रत्येक घरातील एका तरुणाने किंवा तरुणीने हे छातीदाबाचे प्रशिक्षण घ्यावे. प्रत्येक हृदयरोग्याच्या पाकिटात आजार, औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. आणि तपश्चर्येची नावे नोंदवताना कार्यकर्त्यांनी प्रत्येकाला हळूच, आदराने एक प्रश्न विचारावा : “आपले काही औषध चालू आहे का? डॉक्टरांना विचारले का?” या एका प्रश्नाला पैसा लागत नाही, आणि पुढच्या पर्युषणात तो तपस्वी आपल्या सर्वांसोबत बसलेला असेल याची थोडी तरी निश्चिती त्यातून मिळते.

देह नश्वर आहे, हे आपल्याला बालपणापासून शिकवले जाते. पण जोवर आहे, तोवर तो साधनेचे साधन आहे. हृदयरोगाने त्या साधनाला एक चीर पडली असेल, तर ते टाकून देण्याचे कारण नाही. ते अधिक जपून, अधिक नियमाने वापरावे लागते, इतकेच.

जय जिनेंद्र.